लेखा कार्यालयाची पुढच्या पाच वर्षांची आखणी: सुरुवात फीच्या वहीपासून

२०२१ च्या वित्त अधिनियमात आपल्या व्यवसायाला थेट भिडणाऱ्या दोन तरतुदी होत्या. एकीने जीएसटी कायद्याचं लेखापरीक्षा सक्तीची करणारं कलम ३५(५) वगळलं आणि वार्षिक जुळवणीच्या नमुना ९सी वर सीएची किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागेनाशी झाली. दुसरीने, ज्यांचे रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत आहेत त्यांच्यासाठी टॅक्स ऑडिट (आयकरासाठीची सक्तीची लेखापरीक्षा) लागू होण्याची उलाढालीची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटींवर नेली. जिल्ह्याच्या गावांत ज्या कार्यालयांचा संसार या दोन कामांवर चालत होता, त्यांना त्याचा फटका लगेच जाणवला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही संबंध नव्हता. कायद्यातल्या चार ओळी बदलल्या, एवढंच.

आपल्या व्यवसायात बदल तीन वाटांनी येतो: कायद्याने, सरकारी पोर्टलच्या रचनेने आणि यंत्राने. सध्या सगळी चर्चा तिसऱ्या वाटेवर आहे. माझं ठाम मत आहे की आखणीची सुरुवात पहिल्या दोन वाटांपासून व्हायला हवी, कारण त्यांच्या तारखा बऱ्याचदा आधीच ठाऊक असतात. यंत्राचा विचार त्यानंतर केला तर नेमकं कुठलं काम त्याच्याकडे द्यायचं हे कळतं.

हा लेख एक-दोन भागीदार, चार-सहा आर्टिकल (सीएचे शिकाऊ विद्यार्थी) व सहायक आणि दोनशे-तीनशे पक्षकार (क्लायंट) असलेल्या कार्यालयासाठी आहे. सीए नसलेले करसल्लागार, जीएसटी प्रॅक्टिशनर आणि जीडीसीए (सहकार व लेखा पदविका) झालेले सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पायरी पहिली: फीची वही उलगडून बघा

गेल्या तीन वर्षांची सगळी बिलं एका एक्सेलमध्ये घ्या. पक्षकार, काम, फी, लागलेले तास, काम कुणी केलं, हे रकाने नेहमीचेच. त्यांच्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा: "हे काम पक्षकाराला का करून घ्यावं लागतं?" या रकान्यात कायद्याचं कलम, बँकेची अट किंवा "स्वतःहून विचारतो" असं काहीतरी ठोस लिहायचं. "नेहमीचं काम आहे" हे उत्तर चालणार नाही.

तासांचा रकाना भरताना सगळीच कार्यालयं अडतात, कारण तास लिहायची सवय नसते. वर्षभर टाइमशीट भरायला लावलं तर पोरं कंटाळून काहीही भरतात. त्यापेक्षा दोनच महिने निवडा, एक धामधुमीचा आणि एक शांत, उदाहरणार्थ सप्टेंबर आणि डिसेंबर. त्या दोन महिन्यांत प्रत्येकाने दिवसाअखेर पाच मिनिटं काढून लिहायचं. त्यावरून वर्षाचा अंदाज पुरेसा नीट येतो.

समजा, एका कार्यालयाची वर्षाची फी ४० लाख आहे. नोंदी आणि जीएसटी विवरणपत्रं १६ लाख, टॅक्स ऑडिट ९ लाख, पगारदार व छोट्या व्यापाऱ्यांची आयकर विवरणपत्रं ६ लाख, सहकारी संस्था आणि न्यास ४ लाख, नोटिसा आणि अपिलं ३ लाख, किरकोळ २ लाख. वर्षाचे एकूण १०,००० तास धरले आणि त्यातले ६,००० नोंदी व जीएसटीत जात असले, तर त्या कामाची फी तासाला २६७ रुपयांच्या आसपास पडते. नोटिसांच्या कामाला ४०० तास लागले असतील तर तिथे तासाला ७५० रुपये मिळतात. फीत सर्वांत मोठं दिसणारं काम प्रत्यक्षात सर्वांत स्वस्तात विकलं जातंय आणि कार्यालयाची निम्म्याहून जास्त ताकद तिथेच खर्ची पडते. आपण पक्षकाराच्या प्रत्येक मालाचा नफा काढून देतो. स्वतःच्या कामाचा असा नफा-तोटा फार थोडी कार्यालयं काढतात, आणि आखणी फसते ती इथेच.

आता "का" हा रकाना वाचा आणि प्रत्येक ओळीला एक खूण करा. मर्यादेवर टिकून असलेलं काम: रक्कम बदलली की ते जातं. टॅक्स ऑडिट यातलंच. नोंद उतरवण्याचं काम: पोर्टल किंवा सॉफ्टवेअर ते स्वतः करायला लागलं की फी घसरते. सहीचं काम: नेटवर्थ, उलाढाल यांची प्रमाणपत्रं. २०१९ पासून यूडीआयएन (सही केलेल्या प्रत्येक दस्ताचा ओळख क्रमांक) सक्तीचा झाल्याने त्याची जबाबदारी वाढलीय, फी त्या प्रमाणात वाढलेली नाही. आणि शेवटचं, निर्णयाचं काम: नोटिशीला काय उत्तर द्यायचं, भागीदारी ठेवायची की कंपनी करायची, कर्ज घ्यायचं की उधारी कमी करायची.

खुणा झाल्या की प्रत्येक रकमेला विचारा, "कायद्यात एक ओळ बदलली तर यातलं किती उरेल?" वरच्या उदाहरणात टॅक्स ऑडिटच्या ९ लाखांपैकी ५ लाख एक कोटी ते दोन कोटी उलाढालीच्या पक्षकारांकडून येत असतील, तर ते ५ लाख उद्याच्या एखाद्या अर्थसंकल्पाच्या भरवशावर आहेत. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय पुढच्या पायरीकडे जाऊ नका.

पायरी दुसरी: ठाऊक असलेल्या बदलांचं कॅलेंडर

भिंतीवर एक मोठा तक्ता लावा आणि जे ठरलेलं आहे ते आधी लिहा.

सर्वांत मोठी नोंद आयकर अधिनियम, २०२५ ची. राष्ट्रपतींची संमती २१ ऑगस्ट २०२५ ची, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. ५३६ कलमं, २३ प्रकरणं, १६ अनुसूच्या. मागील वर्ष आणि कर-निर्धारण वर्ष ही जोडी जाऊन एकच "कर वर्ष" आलं. टीडीएसची विखुरलेली कलमं एकत्र करून पगारासाठी ३९२ आणि बाकीच्यांसाठी प्रामुख्याने ३९३ अशी मांडणी झाली.

बरेच जण इथे कलमांचे आकडे पाठ करायला बसतात. खरी अडचण वेगळी आहे. पुढची कित्येक वर्षं दोन्ही कायदे शेजारी-शेजारी चालवावे लागणार आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र १९६१ च्या कायद्याखालीच भरायचं. जुन्या वर्षांच्या आकारणी, अपिलं आणि सुधारित विवरणपत्रं जुन्याच कायद्याने चालणार, आणि अद्ययावत विवरणपत्राची मुदत आता ४८ महिन्यांपर्यंत आहे. म्हणजे एकाच टेबलावर एकाच पक्षकाराच्या दोन फाइली, दोन वेगळ्या कायद्यांखाली. फाइलीच्या मुखपृष्ठावर कुठला कायदा आणि कुठलं वर्ष हे मोठ्या अक्षरांत लिहिण्याची शिस्त आत्ताच लावा.

त्यासोबत एक तक्ता तयार करा: जुनं कलम, नवं कलम, आपल्या कार्यालयात ते कुठे-कुठे वापरलं जातं. पाचशे ओळींची गरज नाही. छोट्या कार्यालयात रोज लागणारी कलमं चाळीस-पन्नासच असतात. "कुठे वापरलं जातं" या रकान्यात टीडीएसची पत्रं, लेखापरीक्षा अहवालांचे मसुदे, सॉफ्टवेअरमधले मास्टर आणि पक्षकारांचे करारनामे येतील. भागीदारी पत्रांकडे खास लक्ष द्या. भागीदारांच्या मेहनतान्याचं कलम लिहिताना आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षं "आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४०(ब) नुसार" असं लिहिलंय. तेवढ्याने जुने दस्त निरर्थक ठरत नाहीत, पण १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेल्या मेहनताना-व्याजावर, वर्षाला २० हजारांपुढे, टीडीएसही आलेला आहे. त्यामुळे सगळी भागीदारी पत्रं एकदा काढून वाचण्याची ही योग्य वेळ आहे. हे फीचं काम आहे, आणि पक्षकाराला ते पटतंही.

जीएसटीतली दिशा ई-इन्व्हॉइसवरून (सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायच्या बिलावरून) ओळखता येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीवर सुरुवात झाली, मग १००, ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. तीन वर्षांत मर्यादा शंभरपटीने खाली आली. पुढचा टप्पा कधी येईल यावर पैज लावायची गरज नाही. दोन ते पाच कोटींच्या पक्षकारांची बिलं आत्ताच त्या पद्धतीने निघतील अशी तयारी करून ठेवा. टप्पा आला तर धावपळ नाही, आणि नाही आला तरी त्यांच्या नोंदी स्वच्छ होतात.

तक्त्यावर आणखी दोन नोंदी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या चार कामगार संहिता, ज्यांत "वेतना"ची व्याख्या बदललीय आणि भत्ते निम्म्यापेक्षा जास्त दाखवून मूळ पगार कमी ठेवण्याची जुनी रीत अडचणीची झालीय. आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दुसऱ्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

पायरी तिसरी: महिन्याची लय बदला

ही पायरी पोर्टलमुळे आलीय, आणि माझ्या मते ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

पूर्वी ११ तारखेला जीएसटीचा आर-१ (विक्रीचं विवरणपत्र) कसाबसा भरून टाकायचा आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) मध्ये हिशेब सावरायचा, अशी पद्धत होती. जुलै २०२५ च्या करकालावधीपासून विक्रीवरच्या कराची रक्कम आर-१ वरून ३बी मध्ये आपोआप उतरते आणि तिथे बदलता येत नाही. चूक सापडली तर आर-१ए भरून दुरुस्त करायची, तेही ३बी भरण्याआधी. खरेदीच्या बाजूला इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम ऑक्टोबर २०२४ पासून आहे. पुरवठादाराचं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं हे तिथे सांगता येतं आणि २बी (खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचा तक्ता) त्यावरून तयार होतो.

याचा अर्थ तपासणीचं काम विसाव्या तारखेकडून पहिल्या आठवड्यात सरकलंय. त्याप्रमाणे महिना पुन्हा बांधा. पक्षकाराची विक्री ५ तारखेपर्यंत आलीच पाहिजे. ६ ते ९ वरिष्ठ सहायकाची तपासणी: क्रेडिट नोटा, चुकीचा जीएसटी क्रमांक, २२ सप्टेंबर २०२५ नंतरचे बदललेले दर. १० ला भरणं. १४ ला २बी आला की जुळवणी. जे पक्षकार ५ तारीख पाळत नाहीत त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्यासाठी फी वेगळी लागते, ते पुढे येईल.

जुळवणी यंत्राकडे देताना काय होतं ते जवळून पाहू. पुरवठादाराच्या आर-१ मध्ये बिल क्रमांक आहे "एसटी/२५-२६/०४१". आपल्या पक्षकाराच्या टॅलीत खरेदी नोंदवताना मुलाने लिहिलंय नुसतं "४१". तारीख तिकडे २९ तारखेची, इकडे माल पोचला त्या दिवसाची, म्हणजे पुढच्या महिन्याची २. करपात्र रक्कम सारखी, पण गोलाकार केल्यामुळे करात ४० पैशांचा फरक. अक्षरशः जुळवणारं एक्सेलचं सूत्र या बिलाला "सापडलं नाही" म्हणतं आणि तुमचा माणूस अर्धा तास त्याच्या मागे लागतो. म्हणून नियम असा लावा: आधी जीएसटी क्रमांक तंतोतंत, मग कराची रक्कम एका रुपयाच्या फरकापर्यंत, मग बिल क्रमांकातले फक्त शेवटचे अंक पुढची शून्यं काढून, आणि तारखेत पंचेचाळीस दिवसांची सूट. एवढ्याने बहुतेक नोंदी यंत्रच जुळवतं. उरलेल्या माणसाने बघायच्या, कारण त्यांतच खरी गोम असते: एकाच पुरवठादाराची सारख्या रकमेची दोन बिलं, दुसऱ्याच्या नावावर चढलेलं क्रेडिट, किंवा मुळात भरलाच नाही असा कर.

सुरुवात दहा पक्षकारांपासून करा, सगळ्यांवर एकदम नको. एक तिमाही जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने दोन्हीकडून करा, आणि फरक कुठे पडला ते लिहून ठेवा. बँक स्टेटमेंटवरून टॅलीत नोंदी ओढण्याचं तसंच: प्रत्येक पक्षकारासाठी "या वर्णनाला हे खातं" असे नियम एकदा बनवून घ्यायचे आणि सहा महिने सुधारत न्यायचे. सॉफ्टवेअर विकणारा सगळं पहिल्या दिवसापासून चालेल असं सांगतो. तुम्ही स्वतःच्या दहा फाइलींवर चालवून बघितल्याशिवाय वर्षाची वर्गणी भरू नका.

पायरी चौथी: कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कार्यालयाचे लेखी नियम

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द ठरवला. त्यात अधिकाऱ्याने ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने स्पष्ट केलं की यंत्राने दिलेले निकाल तपासल्याशिवाय वापरता येणार नाहीत. जे अधिकाऱ्याला लागू, ते आपल्यालाही. नोटिशीच्या उत्तरात एक बनावट निवाडा गेला तर पक्षकाराचं प्रकरण आणि तुमचा शब्द, दोन्ही जातील.

ही साधनं वापरू नका असं मी म्हणणार नाही. मसुद्याचा पहिला खर्डा, लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा, पक्षकाराला पाठवायच्या सोप्या मराठी पत्राचा आराखडा, एक्सेलचं अवघड सूत्र, अशा कामांत ती खरोखर वेळ वाचवतात. मात्र दोन नियम लेखी ठेवा आणि नव्या आर्टिकलकडून पहिल्याच दिवशी सही घ्या.

एक: उत्तरात जाणारं प्रत्येक कलम, परिपत्रक आणि निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचलेला असेल आणि त्याची प्रत फाइलीत असेल. खाली सही करणाऱ्याने प्रत पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

दोन: पक्षकाराचं नाव, पॅन, आधार, बँक स्टेटमेंट फुकटच्या कुठल्याही साधनात चढवायचं नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीत, पक्षकाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार म्हणून नमूद आहे. डेटा संरक्षण कायदा त्याच्या वर आला. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईल असं नाही, पण कायदा विषयाकडे किती गांभीर्याने बघतो ते त्यातून कळतं.

खरं गळतं कुठे ते आपल्या कार्यालयात फिरून बघा. आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो सहायकांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पडलेले असतात. सोडून गेलेल्या आर्टिकलच्या फोनमध्ये ते अजून असतील. दोनशे पक्षकारांचे आयकर आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये, आणि ती फाइल प्रत्येक संगणकाच्या डेस्कटॉपवर. याच महिन्यात करता येण्यासारख्या गोष्टी अशा: कार्यालयाचा वेगळा फोन आणि वेगळा क्रमांक, पासवर्डसाठी कुलूपबंद सॉफ्टवेअर, माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याला ठाऊक असलेले पासवर्ड बदलणं, आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या कागदांपैकी कायद्याने जे ठेवायची गरज नाही ते पक्षकाराला कळवून नष्ट करणं.

पायरी पाचवी: माणसं

जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. पूर्वी पहिलं वर्ष शिकण्यात गेलं तरी दोन वर्षं उपयोगी मिळायची. आता शिकवेपर्यंत मुलगा किंवा मुलगी जायची वेळ येते. पुण्या-मुंबईत आणि परदेशी फर्मांचं काम करणाऱ्या कंपन्यांत पगार चांगला मिळतो, त्यामुळे पास झालेली मुलं तालुक्याला थांबत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आखणी अशी करा की कार्यालय आर्टिकलवर न चालता कायमच्या सहायकांवर चालेल.

प्रत्येक कार्यालयात पंधरा-वीस वर्षं टॅलीवर बसलेले एक दादा किंवा ताई असतात. बी.कॉम. झालेले, परीक्षा न दिलेले किंवा न सुटलेले. कुठल्या पक्षकाराचा मुलगा उधारीच्या नोंदी लपवतो, कुणाची दुसरी बँक कुठे आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. नोंदी यंत्राकडे गेल्या की सर्वांत आधी गदा येते ती याच माणसांवर, आणि ते मला मान्य नाही. त्यांच्याइतकी पक्षकाराची जाण कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही. त्यांना तपासनीस करा. यंत्राने जुळवलेलं बघणं, शंका काढणं, पक्षकाराला फोन करून खुलासा घेणं, हे त्यांचं नवं काम. त्यासाठी सहा महिने द्या, दर शनिवारी एक तास त्यांच्यासोबत बसा, आणि पगार वाढवा. नुसतं पद बदलून पगार तोच ठेवला तर ते शेजारच्या कार्यालयात जातील.

प्रत्येक कामाची पद्धत मराठीत, एका पानात लिहून ठेवा. सोसायटीची लेखापरीक्षा सुरू करताना कुठली वही आधी मागायची, न्यासाचा लेखापरीक्षा अहवाल नमुना १०ब मध्ये की १०बब मध्ये हे कसं ठरवायचं, नोटीस आली की पहिल्या दिवशी काय करायचं. ज्याने काम केलंय त्यानेच लिहायचं आणि नव्या माणसाने वाचून करून बघायचं. जिथे अडेल तिथे पान अपुरं आहे.

वारसाचा प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या प्रॅक्टिसवाल्यांनी टाळू नये. मुलगा किंवा मुलगी या व्यवसायात येणार नसेल तर तो निर्णय स्वीकारा आणि गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या तरुण सदस्याला आधी काही कामांत सोबत घ्या. दोन वर्षं एकत्र काम करून मग भागीदारी. आजारपणात कोण सही करील, डिजिटल सह्या आणि पासवर्ड कुणाच्या ताब्यात राहतील, पक्षकारांना कोण कळवील, हे एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवून ठेवा.

पायरी सहावी: नवं काम, पण दोनच प्रकारचं

नव्या संधींच्या याद्या खूप मोठ्या असतात. छोट्या कार्यालयाने त्यातले दोनच विषय घ्यावेत, आणि तेही आपल्या गावाच्या धंद्यावरून ठरवावेत. युरोपला नटबोल्ट पाठवणारे कारखाने असतील तिथे तिकडच्या कार्बन कराच्या नोंदी हा विषय आहे. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा मुख्य टप्पा सुरू झाला. कामगार जास्त असतील तिथे नव्या संहितांप्रमाणे पगारपत्रकाचं काम आहे. सहकाराच्या पट्ट्यात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खालची लेखापरीक्षा आहे. ती ३१ जुलैच्या आत पूर्ण व्हायला लागते आणि त्यासाठी निबंधकांच्या नामिकेत (पॅनेलवर) नाव असावं लागतं. गृहनिर्माण संस्थांना तर लेखापरीक्षेनंतरचा दोषदुरुस्ती अहवाल कसा भरायचा हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं. ती मदत करणारा माणूस पुढची कित्येक वर्षं त्यांचा होऊन राहतो.

इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावासाठी मी वसुली आणि देण्यांचा मासिक अहवाल निवडेन. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत चुकवलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. जुन्या कायद्यातलं कलम ४३ब(एच) ते हेच, नव्या कायद्यातही ही तरतूद राहिलीय. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. व्यापाऱ्याला हे मार्चअखेर कळून उपयोग नसतो.

अहवाल दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर देणी: पुरवठादाराचं नाव, उद्यम नोंदणी आहे का, उत्पादक किंवा सेवा देणारा आहे की नुसता व्यापारी (व्यापाऱ्याच्या देण्याला ही तरतूद लागत नाही), माल स्वीकारल्याची तारीख, मुदतीची तारीख, उरलेले दिवस. दुसऱ्या पानावर येणी: कुणाकडे किती दिवसांपासून, आणि पक्षकार स्वतः लघु उद्योग असेल तर विलंबावर कायद्याने किती व्याज मागता येतं. ते बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने असतं. नोंदी दर महिन्याला पूर्ण असतील तर हा अहवाल टॅलीतून तासाभरात निघतो. मोल आहे ते त्यानंतरच्या वीस मिनिटांना, जेव्हा तुम्ही शेठसमोर बसून सांगता की या तीन गाठींचे पैसे आधी द्या आणि त्या दोघांकडे आजच माणूस पाठवा.

पायरी सातवी: फी वेगळी मांडा

"सगळं मिळून वर्षाला पंचवीस हजार" ही पद्धत बंद केल्याशिवाय वरचं काहीच टिकणार नाही. एकरकमी फीत सल्ला फुकट जातो. पक्षकाराला वाटतं आपण विवरणपत्राचे पैसे देतोय, आणि ते विवरणपत्र पोर्टल अर्धं भरून देतंय हे त्यालाही दिसतं. मग तो घासाघीस करतो, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबर आहे.

एप्रिलच्या आधी प्रत्येक पक्षकाराला एका पानाचं नेमणूक पत्र द्या. नोंदी आणि विवरणपत्रं इतके, मासिक अहवाल आणि बैठक इतके, नोटीस आली तर तिची फी वेगळी, माहिती ५ तारखेनंतर आली तर जादा इतके. करात किती वाचलं त्याच्या टक्केवारीवर फी ठरवू नका, सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआयच्या) नियमांत ते बसत नाही. प्रसिद्धीबाबतचे संस्थेचे चालू नियमही संकेतस्थळ काढण्याआधी वाचून घ्या.

बोलताना अवघडल्यासारखं होतं, विशेषतः वडिलांच्या काळापासूनच्या पक्षकारांशी. सरळ बोलावं. "काका, यंदापासून नोंदींचे पैसे मी कमी करतोय, ते काम आता लवकर होतं. पण दर महिन्याला मी तुमच्यासोबत बसणार, तुमची येणी-देणी दाखवणार, त्याचे वेगळे घेणार. तीन महिने बघा, उपयोग झाला नाही तर ते बंद करू." नोंदींची फी स्वतःहून कमी केलेली पाहिली की पुढचं ऐकायला माणूस तयार होतो. सुरुवात वीस पक्षकारांपासून करा: ज्यांचा धंदा वाढतोय, जे वेळेवर माहिती देतात आणि ज्यांच्याशी तुमचं पटतं असे वीस.

सप्टेंबरातली तासांची पहिली मोजणी सोडली तर जुलै ते ऑक्टोबर यातलं काही होत नाही, त्यामुळे तो काळ सोडूनच द्या. नोव्हेंबरात फीची वही, डिसेंबरात तासांची दुसरी मोजणी आणि दहा पक्षकारांची निवड, जानेवारी ते मार्च दोन्ही पद्धतींनी जुळवणी. १ फेब्रुवारीला वित्त विधेयकाचं स्पष्टीकरणात्मक टिपण हाती आलं की सगळ्या सहायकांना घेऊन बसा आणि प्रत्येक तरतुदीसमोर आपल्या यादीतल्या पक्षकारांची नावं लिहा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात नेमणूक पत्रं हातात द्यायला स्वतः जा. शेवटच्या पंधरवड्यात शेठलोकांना वेळ नसतो.